जमनामावशीची जीभ

बोईसरमध्ये नवरा मिळणं सोपं आहे, घर मिळणं अवघड, असं मी एकदा शाळेच्या स्टाफरूममध्ये म्हणाले होते. ते कुणीतरी आमच्या ह्यांच्या कानावर घातलं आणि ह्यांनी आठ दिवस माझ्याशी अबोला धरला. पण मी काही खोटं बोलले नव्हते. नवरा एका रविवारी बघितला आणि त्याच संध्याकाळी ठरला. घराला तीन वर्षं लागली. तेसुद्धा दांडीची जमनामावशी नसती तर चुकीचंच घेतलं असतं, हे मी ह्यांच्यासमोरही कबूल करते.

जमनामावशी सुके मासे विकायची. बुधवारी आणि शनिवारी सकाळी किनाऱ्यावरच्या दांडी गावाहून टेम्पोत बसून बोईसरला यायची आणि डोक्यावर पाटी घेऊन स्टेशनच्या पश्चिमेकडच्या चाळी पालथ्या घालायची. उंच, काटक बाई, घट्ट नेसलेलं लुगडं, आणि वारा पडलेला असला तरी वाऱ्यातून ओरडून बोलत असल्यासारखा आवाज. मी दोन खोल्यांच्या भाड्याच्या जागेत नवीनच राहायला आले होते. साल ऐंशी असावं. हे कारखान्याच्या स्टोअरमध्ये लागले होते आणि मी शाळेत मराठी शिकवत होते.

पहिल्याच दिवशी तिने माझ्या मनात भरेल असं काही केलं नाही. उंबऱ्याशी बसून तिने बोंबील मोजले, पैसे कनवटीला लावले, आणि उठताना भिंतीला हात टेकला. मग हाताकडे बघितलं, दाराआडचा गिलावा नखाने थोडा खरवडला आणि चक्क जिभेवर ठेवला. मला शिसारी आली. मी शिक्षिका, त्यामुळे गप्प बसणं जमत नाही. हे काय चालवलंय, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

ती शांतपणे बाहेर थुंकली आणि म्हणाली, "बाई, तुमच्या भिंतीत आमचा दर्या हाय."

मग तिने सांगितलं ते असं. दांडीच्या किनाऱ्यावर जिथे त्या बायका बांबू रोवून दोऱ्यांवर बोंबील वाळत घालायच्या, तिथलीच रेती बैलगाड्या भरभरून बोईसरला जात होती. इथे कारखाने वाढत होते, माणसं येत होती, घरं भराभर उठत होती. नदीची रेती मनोरकडून आणायची म्हणजे भाडं जास्त. किनाऱ्याची रेती जवळ आणि जवळजवळ फुकट. ती गोड्या पाण्याने धुवायचे कष्ट कोण घेणार? उन्हाळ्यात अशी भिंत काचेसारखी गुळगुळीत दिसते. पावसाळी हवा लागली की मीठ पाणी ओढतं आणि भिंतीला लोणा लागतो, म्हणजे खार फुटून गिलावा सुटायला लागतो.

मी तिला दारातून वाटेला लावलं. आषाढात माझ्या पलंगामागच्या भिंतीचे पोपडे उशीवर पडायला लागले तेव्हा मला तिची आठवण झाली. ट्रंकेतला लग्नातला शालूही दमटला होता. मी घरमालकाशी भांडून आले, पण खरा राग माझा मलाच आला होता.

तिची जीभ अशी तयार कशी झाली, ते पुढे ओळख वाढल्यावर कळलं. मासा खारवताना मीठ कमी पडलं तर त्यात किडे होतात आणि जास्त पडलं तर गिऱ्हाईक नाक मुरडतं. आठ वर्षांची असल्यापासून ती आईबरोबर खाऱ्या पाण्याचा थेंब जिभेवर घेऊन सांगायची, अजून मूठभर घाल, आता पुरे. वस्तीतल्या बायका आपापली पिंपं घेऊन तिच्याकडे यायच्या. नवरा एका वादळात होडीबरोबर गेला, पदरात एक मुलगा, आणि हातात ही पाटी. त्याबद्दल ती कधी फार बोलली नाही. मीही विचारलं नाही.

भिंतीची गोष्ट मात्र मी गावभर केली. त्यात माझा थोडा स्वार्थ होता, कारण घरमालकाची नाचक्की व्हावी असं मला मनापासून वाटत होतं. झालं असं की घर घेणारी माणसं जमनामावशीला शोधत यायला लागली. कुणी पालघरला, कुणी वाणगावला घर बघितलेलं असायचं. मावशी पाटी आमच्या दारात ठेवून जायची. जाण्याआधी चहा नाही, पान नाही, तंबाखू नाही. बरोबर गोड्या पाण्याची बाटली आणि मासे साफ करायची छोटी सुरी. दाराआड, खिडकीखाली, पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला, जमिनीपासून हातभर उंचीवर ती गिलावा खरवडायची, जिभेवर ठेवून डोळे मिटायची, थुंकायची, चूळ भरायची आणि पुढच्या खोलीत जायची. बघणाऱ्यांना हसू यायचं. तिला त्याचं काही नसे.

सुरुवातीला ती पैसे घेत नव्हती. मग एकाला तिने घर चांगलं म्हणून सांगितलं, तर त्याने खूश होऊन तिला नवं लुगडं दिलं. पुढच्याच आठवड्यात दुसऱ्याला नको म्हणून सांगितलं, तर तो मनोरपर्यंतच्या बसभाड्यावरून तिच्याशी हुज्जत घालायला लागला. त्या रात्री आपण बराच विचार केला, असं तिने मला सांगितलं. तिचं म्हणणं असं, की "चांगलं हाय" म्हटल्यावर लुगडं मिळतं हे जिभेला एकदा कळलं, की ती प्रत्येक भिंत गोड सांगायला लागेल. म्हणून तिने अकरा रुपये ठरवले. ते भिंतीला हात लावायच्या आधी द्यायचे आणि नंतर काहीही द्यायचं नाही, पेढाही नाही. डॉक्टरांनासुद्धा इतकं पथ्य सांभाळताना मी बघितलेलं नाही.

तोवर आमचंही घर शोधणं सुरू झालं होतं, आणि त्यात मी जे दिवे लावले ते सांगायला हवेत. जमनामावशी भिंत सांगते, पण आपल्याला छप्पर, पाया, चौकटी सगळंच तपासून हवं, असा माझा शहाणपणा. म्हणून पालघरच्या एका निवृत्त ओव्हरसिअरना शंभर रुपये देऊन बोलवायचं ठरलं. पहिलं घर बघितलं त्याच संध्याकाळी मी त्यांना निरोप धाडला, कारण आवडलेलं घर हातचं जाईल ही धास्ती. त्यांनी तासभर टेप लावून बघितलं आणि घर पास केलं. दुसऱ्या दिवशी मालकाने ते आपल्या मेहुण्याला विकलं. आम्ही किंमतसुद्धा बोललो नव्हतो. दुसऱ्या वेळीही तोच उतावळेपणा. त्यांनी घर मजबूत म्हणून सांगितलं, आणि मग मला दिसलं की स्वयंपाकघराची एकुलती एक खिडकी शेजाऱ्यांच्या संडासासमोर उघडते. मजबूत असलं म्हणून काय, तिथे उभं राहून मी पोळ्या लाटणार नव्हते. दोनशे रुपये गेले. माझा तेव्हाचा पगार सांगितला तर तुम्हाला ते दोनशे किती होते ते कळेल, पण नको.

मी हे रडगाणं जमनामावशीला ऐकवलं. तिने बोंबलांवरची माशी हाकलली आणि मला शाळेतल्या पोरीसारखं झापलं. जे डोळ्यांना फुकट दिसतं त्याचे पैसे का देता, असं तिचं म्हणणं. आधी तीन वेळा जाऊन या. एकदा सकाळी, एकदा भर दुपारी, एकदा संध्याकाळी नळाला पाणी येतं तेव्हा. शेजारणीशी बोला. मालक विकणार आहे का, कितीला, ते तोंडावर ठरवून घ्या. एवढं होऊनही घर हवंसं वाटलं, की मग तपासणाऱ्याला पैसे द्या. पण इसार द्यायच्या आधी. इसार दिल्यावर आपण घरवाले होतो, मग वाईट ऐकायला कान राहत नाहीत.

मी म्हटलं, आणि पावसात बघितलं तर?

"पावसात मना कशाला बोलावता? तवा भिंत सोताच सांगते. मी उनाळ्यात कामाची."

तिसरं घर आम्ही तिच्या पद्धतीने घेतलं. जुनं, कौलारू, मागे दोन नारळ. तीनदा जाऊन आलो, किंमत ठरली, मग ओव्हरसिअरांनी वासे बघितले आणि मावशीने भिंती. तिने अकरा रुपये कनवटीला लावले, सहा ठिकाणी चाखलं आणि म्हणाली, नदीची रेती आहे, घ्या. त्र्याऐंशी साली घेतलेलं ते घर अजून कोरडं आहे. मी हे याच घरात, पलंगामागच्या भिंतीला टेकून लिहिते आहे.

आता आत्मारामचं सांगते. आत्माराम म्हणजे तिचा मुलगा. माझ्याच हाताखाली शिकला. हुशार, नीटनेटका, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावणारा. एका केमिकलच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागला. कुठल्या पाण्यात कसला क्षार किती, हे तो काचेच्या नळ्यांतून थेंब सोडून सांगायचा. आई तेच काम जिभेने करते, हे माझ्या लक्षात यायचं आणि मी एकदा त्याला तसं बोलूनही दाखवलं. त्याचं तोंड कडू झालं. आईने हे आता बंद करावं, असं तो म्हणाला. कारखान्यातले लोक विचारतात, तुझी आई भिंती चाटते का रे? लग्न झालं, पुष्पलता घरात आली, तसा तो त्या विषयावर आणखीच चिडका झाला. मुलगा वाईट नव्हता. आईला दर महिन्याला पैसे द्यायचा, गुडघे दुखतात म्हणून औषध आणायचा. फक्त चारचौघांत तिच्या त्या कामाचं नाव निघू नये, एवढीच त्याची इच्छा होती. मावशीला ते कळत होतं. ती त्याच्या भाड्याच्या खोलीवर जायची तेव्हा पाटी आमच्याकडे ठेवून, हात साबणाने धुवून जायची. ते बघून मला आत्मारामच्या कानाखाली द्यावीशी वाटायची.

ब्याण्णव साली फाल्गुनात तो पेढे न आणताच पेढे आणल्यासारखा हसत आमच्याकडे आला. त्याने नव्या इमारतीत फ्लॅट पसंत केला होता. पाडव्याला तिथेच नारळ फोडून इसार द्यायचा होता, आम्ही दोघांनी यायचं होतं, आणि आईलाही आणायचं होतं. मी विचारलं, कुणाला दाखवलंस का? तो म्हणाला, बाई, नवी कोरी इमारत आहे, नव्याला काय दाखवायचं? तपासायचं ते ताबा घेताना तपासू. मग जरा घुटमळला आणि म्हणाला, आईला तेवढं सांगाल का, तिथे काही करू नको म्हणून.

मी ते तिला सांगितलं नाही. पण बुधवारी ती आली तेव्हा विचारलं, त्या इमारतीला रेती कुठून आली, ठाऊक आहे का? ती म्हणाली, गाड्या आमच्याकडून भरून जातात, कुठे रिकाम्या होतात ते मी कसं बघणार? मग मी म्हटलं, तू आधीच जाऊन चाखून ये, मी अकरा रुपये देते. तोवर तिचा भाव पंचवीस झाला होता, पण ते तिने काढलं नाही. ती बराच वेळ सुकटीतला कचरा वेचत बसली.

"बाई, परक्याला नको सांगितला तं तो दुसरा घर बगतो. पोराला नको सांगितला तं सून काय बोलेल? सासूला आमचा घर नको होता. जन्मभर बोलेल." मग म्हणाली, "आनि तो मना बोलवत नाय. बोलावल्याबिगर मी कोनाच्या भिंतीला हात लावला नाय."

मी पुष्कळ वाद घातला. आयुष्यभराची पुंजी आहे त्याची, कर्ज काढतोय, आणि तू गप्प बसणार? त्या दिवशी तिने मला बोंबील मोजून देताना दोनदा चूक केली.

पाडव्याला आम्ही गेलो. तिसरा मजला, पश्चिमेला खिडकी, भिंतींना नुकताच पिस्ता रंग दिलेला. सतरंजीवर पाट, पाटावर नारळ, कुंकू आणि पेढ्यांचा पुडा. बिल्डरचा माणूस पांढऱ्या सफारीत उभा राहून पावती पुस्तक चाळत होता. पुष्पलता पैठणीसारख्या काठांची साडी नेसून प्रत्येक खोलीत दोन-दोनदा जाऊन येत होती. तिचा चेहरा इतका आनंदी होता की माझाही राग निम्मा उतरला. जमनामावशी दाराशी भिंतीपासून हातभर लांब बसली. दोन्ही हात मांडीवर, एकात एक गुंतवलेले. पुष्पलताने घर कसं वाटलं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, वारा बरा येतो. ओटा उंच आहे, कंबर दुखणार नाही. सगळं खरंच होतं ते.

मी बोलायला तोंड उघडलं, तर ह्यांनी माझा हात दाबला. दुसऱ्यांच्या आनंदात मीठ कालवू नकोस, असं हे माझ्या कानात पुटपुटले. आता याला काय म्हणावं.

आत्माराम पाकीट काढून पाटासमोर बसला. मग त्याने वर बघितलं. आईकडे नाही, आईच्या हातांकडे. जन्मापासून ते हात त्याने रिकामे बसलेले बघितले नव्हते. आज ते धरून ठेवल्यासारखे होते, आणि भिंत इतकी जवळ असून ती तिच्याकडे वळूनसुद्धा बघत नव्हती. बिल्डरचा माणूस म्हणाला, चलिये साहब, मुहूरत निकल जाएगा.

आत्माराम उठला. खिशातून स्कूटरची किल्ली काढली, दाराआड गेला, आणि खाली वाकून, जमिनीपासून हातभर उंचीवर भिंत खरवडली. पिस्ता रंगाचा पापुद्रा निघाला, त्याखालची करडी पूड त्याने बोटावर घेतली. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, सगळे बघत असताना त्याने ते बोट जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले. पुष्पलताने पदर तोंडाला लावला. सफारीवाला हसायला लागला आणि कुणी साथ देईना म्हणून थांबला.

मग आत्माराम पश्चिमेच्या खिडकीखाली गेला. तिथेही खरवडलं. चूळ भरून आला आणि पुन्हा एकदा चाखलं. मावशी आता मान वळवून त्याच्याकडे बघत होती.

तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "आई, मला खारट लागतंय."

"चूळ भरल्यावर जातं का राहतं?"

"राहतं. जिभेच्या कडेला."

मी म्हटलं, आता ही उठेल, सुरी मागेल, स्वतः बघेल. आत्मारामही तेच धरून चालला होता, त्याने किल्लीवर थोडी पूड घेऊन तिच्यापुढे केली. मावशीने ती हाताने बाजूला सारली.

"मी कशाला चाखू? तू सांगितलास ना."

पाकीट त्याने शर्टाच्या आतल्या खिशात घातलं. बिल्डरचा माणूस मोठ्याने बोलायला लागला, रेती अमुक ठिकाणची आहे, कागद दाखवतो, एवढी गिऱ्हाइकं रांगेत आहेत. त्याचं कुणी ऐकत नव्हतं. मला धाकधूक होती पुष्पलताची. ती खिडकीपाशी जाऊन उभी होती आणि डोळे पुसत होती. मग तिने पाटावरचा नारळ उचलला, पेढ्यांचा पुडा पिशवीत टाकला आणि नवऱ्याला म्हणाली की इथून चला, पण पुढचं घर बघायला जाल तेव्हा आईंना आधी घेऊन चला, आणि मलाही. सासूला तिने बोल लावला नाही. मी तिच्याबद्दल उगीच धास्तावले होते.

जिने उतरताना मावशीचा गुडघा दुखत होता, म्हणून मी तिला हात दिला. आत्माराम आणि पुष्पलता पुढे गेले होते. पहिल्या मजल्यावर ती थांबली. दम लागला असेल असं मला वाटलं, पण ती रडत होती, आणि त्याच वेळी तिचं तोंड हसऱ्यासारखं पसरलेलं होतं. मी म्हटलं, मावशी, घर गेलं म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस, दुसरं मिळेल.

"घराचा काय नाय, बाई," ती म्हणाली. "त्यानं सगल्यांपुढं चाखला."